घरच्या घरी पोर्ट्रेट: फ्लॅशला छत्री लावायची की सॉफ्टबॉक्स?

आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो भिंतीवर आहे, आणि तोही त्यांच्या पासवरून मोठा केलेला. आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. ही फॅक्टरी १८६९ सालची. आमच्या घरात नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं की हीच. पासवरचा फोटो अंगठ्याएवढा. आजोबा गेले तेव्हा घरभर शोधाशोध झाली, पण लग्नाच्या गर्दीतले, पंगतीतले, कुणाच्या तरी खांद्यामागून डोकावणारे फोटो सोडले तर एकट्याचा असा दुसरा निघालाच नाही. मग तोच मोठा केला. डोळ्यांच्या जागी आता दोन काळे ठिपके आहेत.

आजी ८४ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे तिचं जिना उतरणं बंद झालंय, त्यामुळे स्टुडिओत नेणं शक्य नाही. आणि घराबाहेर पडून कुठेतरी उभं करून फोटो काढू म्हटलं तर खडकीत निम्म्या भिंतींवर ‘छायाचित्रणास मनाई’ची पाटी. लष्करी भाग आहे, ते बरोबरच आहे. म्हणजे जे काय करायचं ते घरातच, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत.

मी एका ओळखीच्या दादाकडून कॅमेरा आणि एक साधा फ्लॅश आणला, आणि तीन रविवार आजीला छळलं. त्यात फ्लॅशसमोर लावायच्या पाच वस्तू करून पाहिल्या. चार फसल्या. का फसल्या ते सांगण्यासाठीच हा लेख. (तुमच्याकडे फक्त फोन असेल तरी वाचत राहा, फोनचं पुढे येतंच.)

मॉडिफायर म्हणजे नक्की काय?

फ्लॅशमधून किंवा दिव्यातून निघालेल्या उजेडाला वळण लावणारी कुठलीही वस्तू म्हणजे लाइट मॉडिफायर. छत्री, सॉफ्टबॉक्स, प्लॅस्टिकची टोपी, पांढरी चादर, थर्माकोलचा तुकडा, सगळं यात आलं. उजेड मोठा करायचा, त्याची दिशा बदलायची किंवा त्याला नको तिकडे जाण्यापासून अडवायचं, एवढी तीनच कामं या सगळ्या वस्तू करतात. बाजारात नावं शंभर असली तरी काम या तिनांतलंच.

यातलं ‘मोठा करणं’ आधी समजून घेऊ. फ्लॅशचं तोंड काडेपेटीहून थोडं मोठं. एवढ्याशा जागेतून सगळा उजेड आला की नाकाची सावली गालावर सुरीने कापल्यासारखी पडते आणि प्रत्येक सुरकुती दोन पट खोल दिसते. दुपारी बाराचं ऊन आठवा. सूर्य प्रचंड मोठा आहे, पण आपल्यापासून इतका लांब की आकाशात तो टिकलीएवढा दिसतो, म्हणून सावली कडक. ढग आले की अख्खं आकाशच दिवा होतं आणि सावली विरघळते.

म्हणजे दिवा खरंच किती मोठा आहे यापेक्षा समोरच्या माणसाला तो किती मोठा दिसतो हे महत्त्वाचं. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ६०-७० सेंटिमीटरवर ठेवला तर उजेड मऊ. तोच दोन मीटर लांब नेला तर जवळजवळ उघड्या फ्लॅशच्याच वाटेवर. ‘सॉफ्टबॉक्स घेतला तरी फोटो कडकच येतो’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांनी तो खोलीच्या कोपऱ्यात उभा केलेला असतो. दिव्याचा जेवढा व्यास तेवढंच साधारण अंतर, असा ठोकताळा सुरुवातीला पुरतो.

पहिला रविवार: टोपी आणि छत

फ्लॅशवर बसवायची दुधी प्लॅस्टिकची टोपी मिळते. स्वस्त, खिशात मावणारी, म्हणून सगळ्यात आधी लोक तीच घेतात. मीही तीच लावली आणि फ्लॅश आजीवर रोखला. फरक जवळपास शून्य. कारण टोपी फ्लॅशच्या तोंडाएवढीच. दिवा मोठा झालाच नाही, उलट उजेड मात्र कमी झाला. ही टोपी निरुपयोगी नाही, पण ती वेगळ्या पद्धतीने काम करते. ती उजेड चारी बाजूंना उधळते, तो भिंतींवर आणि छतावर आपटून परत येतो, आणि तो परत आलेला उजेड मऊ असतो. खरा मॉडिफायर तिथे टोपी नसते, खोली असते.

हे लक्षात आल्यावर टोपी काढली आणि फ्लॅश सरळ छताकडे वळवला. ही युक्ती फुकट आहे आणि पांढऱ्या, नऊ-साडेनऊ फूट उंच छताखाली छान चालते. वाढदिवसाला, साखरपुड्याला मी आजही हेच करते. पण पोर्ट्रेटला एक गोम आहे: उजेड डोक्यावरून येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. आजीचे डोळे आधीच खोल गेलेले. फोटो पाहिला आणि पोटात कसंतरीच झालं. भिंतीवरच्या आजोबांसारखेच दोन काळे ठिपके.

छताऐवजी बाजूच्या भिंतीवर फ्लॅश मारला तर डोळ्यांत उजेड जातो. खिडकीतून आल्यासारखा दिसतो. मीही मारला. आणि तिथे माझी गाठ पडली आमच्या भिंतीच्या रंगाशी.

पोपटी भिंत

आमची खोली पोपटी आहे. आजोबांनीच निवडलेला रंग, त्यामुळे बदलायचा विषयच नाही. भिंतीवर आपटून आलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. आजीचा डावा गाल नीट, उजवा गाल कावीळ झाल्यासारखा. आता तुम्ही म्हणाल, एडिटिंग अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्स आहे की! सगळा चेहरा हिरवट असता तर तो कामाला आला असता. पण एक गाल बरोबर आणि एक हिरवट असेल, तर हिरवटपणा काढायला जावं की चांगला गाल जांभळट गुलाबी होतो. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे उजेड हे दुखणं फोटो काढतानाच टाळावं लागतं.

इंटरनेटवर ज्यांचे व्हिडिओ बघून आपण खरेदी करतो त्यांचे स्टुडिओ बहुतेक वेळा मोठे, पांढरे किंवा काळे असतात. तिथे छत्री कशी वागते आणि आपल्या खोलीत कशी वागते यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून वस्तू निवडायच्या आधी खोलीकडे बघा. भिंतीचा रंग कोणता, छत किती उंच, माळा आडवा येतो का, पंखा कुठे लटकतो. पत्र्याचं किंवा कौलाचं छत असेल तर छतावर उजेड मारण्याचा पर्याय तिथेच संपला.

दुसरा रविवार: छत्री

पांढरी छत्री, साधारण ४३ इंचांची, हजार रुपयांच्या आत मिळते. नवशिक्याने पहिली घ्यायची वस्तू म्हणून सगळे हीच सांगतात आणि एरवी मीही सांगेन. उघडायला दोन सेकंद, मिटली की काठीएवढी, आणि आकार चांगला मोठा. फ्लॅश छत्रीच्या आतून मारायचा, उजेड कापडातून गाळून चेहऱ्यावर येतो.

पण पांढऱ्या छत्रीला दाराखिडक्या नसतात. उजेडाचा मोठा भाग कापडावरून उलटा मागे फिरतो आणि बाजूंनीही सांडतो. पांढऱ्या खोलीत हे वरदान, कारण सांडलेला उजेड सावल्या हलक्या करतो. पोपटी खोलीत तोच सांडलेला उजेड चारी भिंतींवरून हिरवा होऊन परत आला. चेहरा मऊ होता, सावली अशी नव्हतीच, पण आजी तळ्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसत होती. मागची भिंत, कॅलेंडर, कपाटावरच्या पिशव्या, सगळं तितकंच उजळ. काळ्या पाठीची, आतून चंदेरी किंवा पांढरी असलेली छत्री उलटी वापरली तर मागे सांडणारा उजेड थांबतो, पण आजीकडे परतणारा झोत रुंदच राहतो आणि तिच्यामागची भिंत उजळतोच.

त्यात छत्रीची एक काडी पंख्याला लागली. पंखा कमी वेगात होता म्हणून निभावलं. आजी घाबरून उठली आणि त्या दिवशीचं शूटिंग तिथेच बंद. तेव्हा दोन गोष्टी: स्टँड लावताना पंखा बंद, आणि स्टँडच्या पायाला पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या बांधा. वर छत्री किंवा बॉक्स असला की स्टँड फार सहज कलंडतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर यात चालढकल नको.

चादरही करून पाहिली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी चादर टाकायची, पलीकडे मीटरभर अंतरावर फ्लॅश, अलीकडे माणूस. पाच बाय सात फुटांचा दिवा तयार! मऊपणात महागड्या वस्तूंना टक्कर देईल असा उजेड मिळतो. मात्र तो सांडतो छत्रीइतकाच, आणि आजी चादरींना नीळ घालते, त्यामुळे उजेड किंचित निळसर आला. निळसर अधिक पोपटी, काय विचारता! तुमच्या भिंती पांढऱ्या असतील आणि चादरीला नीळ नसेल तर मात्र पैसे खर्च करायच्या आधी हे नक्की करून बघा. एक काळजी: जुना हॅलोजन दिवा वापरत असाल तर कापड किंवा बटर पेपर त्याच्या जवळ आणू नका, तो पेट घेण्याइतका तापतो.

सॉफ्टबॉक्स आणि त्याची जाळी

तिसऱ्या रविवारी ६० बाय ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स भाड्याने आणला. फ्लॅशसाठीचा असा घडीचा बॉक्स विकत घ्यायचा तर साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतो. बॉक्सच्या बाजू काळ्या, आतून चंदेरी, पुढे पांढरं कापड. म्हणजे उजेड मोठाही होतो आणि मागे, बाजूला सांडतही नाही. पुढे तो थोडा पसरतोच, त्यासाठी ग्रिड येते: काळ्या कापडी पट्ट्यांची चौकटीचौकटीची जाळी, पुढच्या कापडावर वेल्क्रोने चिकटवायची. ग्रिड लावली की उजेड समोरच जातो. थोडा उजेड ती खाते, पण आमच्यासारख्या रंगीत खोलीसाठी खरी किंमत त्या जाळीचीच आहे. विकत घेताना बॉक्सबरोबर ग्रिड येते का, ते आधी विचारा. आमच्या दुकानदाराने ‘मोठाच घ्या ताई, १२० सेंटिमीटरचा’ म्हणून आग्रह केला होता. दहा बाय बारात तो उघडला असता तर आजीला गॅलरीत बसवावं लागलं असतं.

दुसरी जादू अंतराची, आणि ती फुकट आहे. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर येतो. आजीला मी भिंतीपासून दीड मीटर पुढे खुर्चीवर बसवलं आणि बॉक्स तिच्या चेहऱ्यापासून पाऊण मीटरवर आणला. म्हणजे दिव्यापासून भिंत सव्वादोन मीटर, चेहऱ्याच्या तिप्पट लांब. भिंतीवर पोचला नववा हिस्सा. पोपटी रंग दिसेनासा होऊन गडद शेवाळी झाला, कॅलेंडर अंधारात गेलं. हाच बॉक्स दोन मीटर लांब ठेवला असता तर भिंत साडेतीन मीटरवर आली असती आणि तिला चेहऱ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड मिळाला असता. सगळा पसारा दिसला असता. त्यामुळे छोट्या खोलीत दिवा जवळ आणि माणूस भिंतीपासून लांब.

सावलीकडच्या बाजूला, आजीच्या उजव्या हाताशी, थर्माकोलची पांढरी शीट उभी केली. तिने दोन कामं केली: बॉक्सचा उजेड परत गालावर टाकला आणि पोपटी भिंत झाकली. तुम्हाला उलट हवं असेल, म्हणजे सावली आणखी गडद, तर तिथे काळं कापड लावा. आमच्याकडे घोंगडी होती. तिच्याइतका उजेड पिणारी वस्तू दुकानात शोधूनही लवकर मिळणार नाही. भावाचा फोटो मी तसा काढला, त्याला नाटकी आवडतं. आजीला घोंगडी शोभली नाही, चेहरा फार कठोर वाटायला लागला.

सेटिंगचं थोडक्यात: शटर १/१६०, एफ/५.६, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ ताकदीवर. ट्यूबलाइट बंद. या शटरला घरातला साधा उजेड फोटोत जवळपास येतच नाही, फक्त फ्लॅश दिसतो. शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलं तर बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोवर काळी पट्टी येते, तेव्हा तिकडे जाऊ नका.

चष्मा

आता ज्याने मला सगळ्यात जास्त दमवलं ते. आजी चष्मा लावते आणि चष्म्याशिवाय ती आजी वाटतच नाही. दोन्ही काचांत सॉफ्टबॉक्सचे दोन पांढरे चौकोन. डोळे गायब. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच परत झाकलं गेलं.

कॅरम खेळला असाल तर यावरचा उपाय तुम्हाला माहीत आहे. स्ट्रायकर ज्या कोनात फळीवर आपटतो त्याच कोनात परत फिरतो. उजेडही काचेवर तसाच वागतो. दिवा काचेवर आपटून थेट कॅमेऱ्याकडे येत असेल तरच तो फोटोत दिसतो. म्हणून बॉक्स वर घ्या, चेहऱ्याच्या रेषेपासून आणखी बाजूला न्या, आणि समोरच्याला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. तेवढ्याने नाही गेलं तर चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा सेंटिमीटर वर उचला, काचा खाली झुकतात आणि फोटोत ते कळतही नाही. आणि हो, दिवा जितका मोठा तितकं त्याला काचेतून हाकलणं अवघड. चादरीचा उजेड सुंदर होता, पण चष्म्यात ती अख्खी चादर दिसत होती. मऊपणा हवा म्हणून मोठा दिवा, चष्मा आहे म्हणून लहान दिवा, अशी ओढाताण प्रत्येक आजी-आजोबांच्या फोटोत होते. माझ्यासाठी ६० सेंटिमीटर हा तोडगा निघाला.

मात्र बॉक्स फार वर नेला की परत डोळ्यांच्या खोबणी काळ्या. मी इंच-इंच वर-खाली करत होते आणि आजी म्हणाली, “अगं, देवाची मूर्ती बसवायला पण एवढा वेळ लागत नाही.” ती हसली, मी बटण दाबलं. तो फोटो हललेला आहे, पण त्यानंतर ती सैल झाली.

फक्त फोन असेल तर

फोनला फ्लॅशचा बाहेरचा ट्रिगर लावायची सोय सहसा नसते. शिवाय फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच किंवा त्याहूनही कमी वेळ चमकतो आणि फोनचा सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही. ठरावीक फोनबरोबर चालणारे काही फ्लॅश आहेत, पण त्यांच्या किमती आपल्या कामाच्या नाहीत. फोनवाल्यांनी सतत जळणारा एलईडी दिवा घ्यावा. वर सांगितलेलं सगळं, छत्री, बॉक्स, जाळी, थर्माकोल, चादर, त्याला जसंच्या तसं लागू. उलट फायदा असा की चष्म्यातली चमक फोटो काढायच्या आधीच डोळ्यांना दिसते.

दिवा घेताना सीआरआय ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेला बघा, नाहीतर त्वचा मेलेली दिसते. घरातले साधे एलईडी बल्ब वापरलेत तर फोटोत आडव्या पट्ट्या येऊ शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्ट्या जातात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. आणि मुख्य कॅमेऱ्याने जवळ जाऊन काढू नका, नाक मोठं येतं. दीड मीटर मागे जा आणि २एक्स वापरा. फोनचा स्वतःचा छोटा फ्लॅश मात्र पोर्ट्रेटला बंदच.

ज्यांच्या भिंती पांढऱ्या आहेत त्यांनी छत्रीच घ्यावी, हे मी आजही म्हणेन. ऑक्टाबॉक्स म्हणजे गोलसर सॉफ्टबॉक्स, त्याने डोळ्यात गोल चमक येते, बाकी काम तेच. ब्यूटी डिश तरुण चेहऱ्यांना ठीक, सुरकुत्यांना नाही. रिंग लाइट चष्म्यात हमखास दोन बांगड्या दाखवतो.

शेवटचा फोटो तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मिळाला. नऊवारी, चष्मा, हात मांडीवर, नजर माझ्या डाव्या खांद्यावरून खिडकीकडे. दोन्ही डोळ्यांत बॉक्सचा एकेक छोटा पांढरा चौकोन, काचेत नाही, बुबुळात. आठ बाय बाराचा मॅट प्रिंट काढून फ्रेम केला आणि मी उत्साहाने आजोबांच्या शेजारी खिळा ठोकायला घेतला. आजीने तिथेच थांबवलं. “तिथे आत्ताच नको गं. मी अजून आहे.” मग फ्रेम शोकेसमध्ये टीव्हीशेजारी ठेवली. तिच्या काचेत ट्यूबलाइट दिसत होती, म्हणून थोडी खाली झुकवली.